सौदीतलं ‘पालकत्व’ संपलेलं नाही

‘सौदी अरेबियात पुरुष पालकाची अट रद्द, बायका आता पूर्ण मोकळ्या. आधीही त्यांना त्रास असता तर देश सोडून गेल्या नसत्या का?’ असा एक मेसेज पुन्हा फिरतोय. (पालक म्हणजे बाईच्या वतीने निर्णय घेणारा वडील, भाऊ, नवरा असा घरचा पुरुष.) त्यातलं थोडंच खरं आहे.

जून २०१८ मध्ये गाडी चालवायची परवानगी मिळाली. ऑगस्ट २०१९ पासून २१ वर्षांवरच्या स्त्रीला पालकाच्या संमतीशिवाय पासपोर्ट काढता येतो, परदेशी जाता येतं. बदल मोठाच आहे. पण २०२२ च्या कौटुंबिक कायद्यातही लग्नाचा करार पालकानेच करायचा आहे. वडील नसतील तर हा अधिकार भावाकडे किंवा मुलाकडेही जाऊ शकतो. पालक विनाकारण अडवत असेल तर कोर्टात जाता येतं, म्हणजे बापाविरुद्ध किंवा भावाविरुद्ध उभं राहायचं. नवऱ्यासोबत राहायला सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर पोटगीचा हक्क जातो.

आणि ‘सोडून का नाही गेल्या’? २०१९ पूर्वी सरकारी ‘अबशर’ ॲपवरून पालक प्रवासाची परवानगी देई किंवा काढून घेई. जानेवारी २०१९ मध्ये घरच्यांपासून पळालेली १८ वर्षांची सौदी मुलगी रहाफ मोहम्मद बँकॉकच्या हॉटेलच्या खोलीत दाराला गाद्या लावून बसली, फोनवरून ट्विटरवर मदत मागत राहिली, तेव्हा कुठे तिला कॅनडात आश्रय मिळाला. जिच्या हातात फोन नव्हता, तिच्या गप्प बसण्याला कृपा करून राजीखुशी म्हणू नका.