खुलासा: कारल्याच्या रसाने टाइप 1 मधुमेहातलं इन्सुलिन सुटत नाही
‘21 दिवस कारल्याचा रस घ्या, लहान मुलांचं इन्सुलिनही सुटेल’ असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

टाइप 2 मध्ये शरीरात इन्सुलिन बनतं, पण पुरेसं लागू पडत नाही. म्हणून आहार, व्यायाम, गोळ्यांचा उपयोग होतो. टाइप 1 मध्ये स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. तिथे इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं. 1922 पूर्वी ते नव्हतं, तेव्हा ही मुलं दगावत. डोस थांबवला की एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचतात: उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला फळासारखा वास. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा.

प्रकार नुसत्या वयावरून ठरत नाही (तिशीतही टाइप 1 होतो). शंका असेल तर डॉक्टर रक्तात जीएडी अँटीबॉडी (प्रतिकारशक्तीच्या या हल्ल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं याची खूण) तपासतात.

संदेश पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर काढा.