खिरेश्वरची वाट आणि खोटारड्या टेकड्या

हरिश्चंद्रगडाला पाचनईहून गेलं तर दोन-अडीच तासांत देऊळ. बेलपाड्याची नळीची वाट दोर आणि जाणकार सोबत असल्याशिवाय नकोच. तरी आपली मंडळी निवडतात खिरेश्वर, कारण माळशेज घाट चढला की खुबी फाटा येतो आणि तिथून गाव धरणाच्या भिंतीपलीकडे 'हे काय, दिसतंय' असं असतं. दिसतं खरं. चालायला साधारण 5 किलोमीटर आहे.

टोलार खिंडीपर्यंत सगळे कवी असतात. तिथल्या व्याघ्रशिल्पाजवळ फोटो निघतात आणि लगेच कातळटप्पा लागतो. रेलिंग आहे, पण ते दोन्ही हातांनी धरण्यासाठी आहे. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्यात चिवड्याची पिशवी घेतलेला माणूस मागच्या सगळ्यांची वाट अडवून वर 'व्ह्यू काय भारी!' म्हणतो.

पाण्याचं गणित सोपं: माणशी 3 लिटर, म्हणजे 3 किलो. पण सॅकमध्ये आधी वेफर्स जातात. त्यांना वजन नाही, जागा मात्र सगळी. मग बाटल्या हातात.

खरा घात बूट करतात. वर्षभर माळ्यावर पडलेल्या बुटाचा सोल दमटपणानं आतून भुसभुशीत होतो. घरी फिरताना कळत नाही. मुरमावर मात्र जबडा उघडतो. म्हणून सॅकमध्ये 2 मीटर नायलॉनची दोरी हवीच. ती तळपायाच्या खोलगट भागाखालून घेऊन वर आवळावी. चवड्याखालून घेतली तर दगडावर घासून तुटते. पायाची नखं दोन दिवस आधी कापावीत, नाहीतर उतारावर अंगठा बुटाच्या टोकाशी रोज भांडल्यासारखा भांडतो.

कातळ संपला की टेकड्या. 'ही शेवटची' असं म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो आणि त्याला त्या दिवशी पाणी कोणी देत नाही. धुक्यात खुणा दिसेनाशा झाल्या की थांबावं, शॉर्टकट शोधू नये. इथे चकवा लागतो तो बहुधा हुशार माणसालाच.

केदारेश्वराच्या गुहेत चारांपैकी एकच खांब शाबूत आहे. तो मोडला की जग बुडणार म्हणतात. खिरेश्वरनं आलेल्याला त्याची फारशी काळजी वाटत नाही. कमरेएवढ्या गार पाण्यात पोटऱ्या बुडवून तो एवढंच विचारतो, 'परत पाचनईनं उतरू या का?'

उतरता येतं. गाडी खिरेश्वरला असते.