लॅडरवर चढायचंय? आधी टाइम सांगा

मुलाच्या टीमला स्पर्धेच्या फॉर्मवर अठराच्या वरचं कोणीतरी हवं होतं आणि त्या वेळी घरात मी एकटीच रिकामी दिसले (कुकर लावलेला होता, पण तो या मुलांना दिसत नाही), तर अशी मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॅलोरंट (कॉम्प्युटरवरचा नेमबाजीचा गेम) टीमची मॅनेजर झाले. मला वाटलं सही करायची आणि सुटायचं. कसलं काय.

नॉकआउट असती तर बरं झालं असतं हो, एकदा हरले की आपले घरी. ही निघाली लॅडर. म्हणजे शाळा, ज्युनियर कॉलेज, क्लब, सगळ्यांच्या टीम एकाखाली एक लावलेल्या, तुम्ही वरच्याला चॅलेंज करायचं, तेही दोन-तीन जागा वरच्यालाच, अकराव्याने थेट पहिल्याच्या अंगावर जायचं नाही. जिंकलात तर त्यांची जागा तुमची, हरलात तर होतात तिथेच. टेनिस-स्क्वॉशच्या क्लबात ही पद्धत फार जुनी आहे म्हणे. दहीहंडीत निदान खालचा थर वरच्याला खांदा तरी देतो, इथे खालचा प्रत्येकजण वरच्याचा पाय धरून ओढायलाच उभा.

आणि खरी मेख पुढे आहे. चॅलेंज आलं की ठरलेल्या मुदतीत खेळायचं, नाहीतर फॉरफिट, जागा गेली. म्हणजे ही स्पर्धा नेमबाजीची नाहीच मुळी, पाच मुलांना एका वेळी मोकळं करून दाखवायची आहे, आणि मुंबईत.

व्हॅलोरंटला पाच लागतात, चारवर भागत नाही. वेदांतचा जेईईचा क्लास रात्री नऊला सुटतो. ओमच्या घरी नऊनंतर वायफाय बंद, बाबांचा नियम. आदित्यचा पीसी रडका म्हणून तो दादरच्या गेमिंग कॅफेत बसतो, आणि रविवारी मेगाब्लॉक. चौथ्याची आजी आजारी, ती बरी झाली की गणपती, गणपती झाले की युनिट टेस्ट. पाचवा माझा, तो कायम मोकळा, हे वेगळंच दुःख. बरं मॅच म्हणजे काय पाच मिनिटांचं काम नाही, १३ राउंड जो आधी जिंकेल त्याचा एक मॅप, म्हणजे एक डाव, १२-१२ झालं की दोनच्या फरकाने जिंकेपर्यंत ओव्हरटाइम, आणि असे तीनातले दोन मॅप घ्यायचे, म्हणजे दोन-अडीच तास घराघरातल्या आयांनी जेवायला हाक मारायची नाही. ती विनंती कोणी करायची? मॅनेजरने.

आमचे नाना, म्हणजे सासरे, ऐन तारुण्यात कांगा लीग खेळलेले, खालच्या डिव्हिजनला. ते सगळं ऐकून म्हणाले यात नवीन काय, १९४८ पासून ती लीग भर पावसात चालू आहे, आम्ही पण रविवारी पांढरे कपडे घालून मैदानात पाणी बघत बसायचो, वरच्या डिव्हिजनमध्ये जायचं तर आधी मॅच व्हायला तर हवी. त्यांना हे एकदम पटलंय. सासूबाईंना अजून नाही, त्यांच्यासाठी मुलाकडे पाठ केलेलं भाषण आहे, की डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत खरी मेडल्स होती, तीर्थ मेहताने तर २०१८ लाच जकार्तात ब्राँझ आणलं होतं. त्या म्हणतात, मग तू दूध तरी आण.

आता वरच्या टीमचं सांगते. वर बसलेल्याला खेळायची काही गरजच नसते, जिंकून मिळवायचंय काय, त्यामुळे ते टाइम देतात तोच असा देतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मेसेज, "आज दुपारी दीड चालेल?" मंगळवारी. दीड वाजता. जे नियमात बसतं आणि कोणालाच जमत नाही ते. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून जागांऐवजी पॉइंट्स ठेवतात, बुद्धिबळातल्या एलो रेटिंगसारखे, पण तिथे कमजोर टीमला हरवून मिळतात चिमूटभर आणि हरलं तर जातात ढीगभर, मग वरचे लोक खालच्यांना आणखीच टाळतात. कुठूनही या, चढणाऱ्याचेच हाल.

निकालाचा वेगळा तमाशा. दोन्ही बाजूंनी स्कोअर भरायचा, जुळला नाही की डिस्प्यूट, मग स्क्रीनशॉट द्या. एकदा आमच्या कॅप्टनने घाईत स्क्रीनशॉटऐवजी मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढून पाठवला, त्यात स्कोअर पुसट आणि मॉनिटरच्या काचेत मी गाऊनमध्ये, हातात झारा, एकदम क्लिअर. आयोजकांनी मान्य केला तो पुरावा. मी नाही केला.

पण हळूहळू मला गोम कळली. मी पाचही घरांचं टाइमटेबल, क्लासच्या सुट्ट्या, कोणाचे बाबा कधी टूरवर, सगळं एका वहीत उतरवलं आणि चॅलेंज टाकतानाच सोबत चार टाइम द्यायला लागले. समोरच्यांना चारातला एकही जमेना, आयोजक म्हणाले प्रयत्न तुम्ही केलात, फॉरफिट. असे अकरावरून आम्ही चौथ्यावर आलो आणि त्यात मुलांनी बंदूक फारशी उचललीच नाही. सोसायटीत पेढे वाटले. नाना म्हणाले, वॉकओव्हर पण विनच असतो.

परवा खालून चॅलेंज आलं, कुठल्यातरी शाळेची टीम, मॅनेजर तिथले पीटीचे सर. मी वही उघडली, शांतपणे सगळ्यात अवघड वेळ शोधली आणि टाइप केलं, "नमस्कार सर, शनिवारी रात्री पावणेअकरा चालेल का?"

मिनिटभरात उत्तर. "चालेल मॅडम. पहाटे म्हणालात तरी चालेल, आमची पाचही मुलं हॉस्टेलला एकाच रूममध्ये असतात."

मी ग्रुपवर फॉरवर्ड केलं. बराच वेळ नुसत्याच निळ्या टिका. मग वेदांत क्लासमधूनच टाइप करतो, "काकू, आता खेळावं लागणार का?"