पाईप तेवढा बदलायचाय

इंदुरात एखाद्याच्या घरी दोन दारांची, बुटकी, स्पोर्ट्स कार म्हणवणारी गाडी असली तर ती बहुधा चालत नसते. ती ‘ठेवलेली’ असते. अंगावर कव्हर, टायरांत हवा नाही, आणि मालकाच्या बोलण्यात मात्र ताशी 140 ने सुसाट. गाडी म्हणजे लोणचं नव्हे, ठेवून मुरत नाही, हे त्याला कोण सांगणार! मुरतो तो फक्त कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा रबरी पाईप, आणि तोही आतून.

हा पाईप मोठा ढोंगी. बाहेरून काळाभोर, तुकतुकीत. आत मात्र कूलंटमधली गंजरोधक रसायनं संपलेली असतात (साध्या हिरव्या कूलंटमध्ये ती दोनेक वर्षंच टिकतात), आणि मग ते पाणी, इंजिनाचं लोखंड नि रेडिएटरचं ॲल्युमिनियम यांच्यात विजेचा बारीकसा व्यवहार सुरू होतो. त्याची किंमत रबर चुकवतं: टोकांजवळ आतून लांबट चिरा पडतात, त्यातून कूलंट धाग्यांच्या जाळीपर्यंत झिरपतं. म्हणून पाईप मधोमध दाबून “एकदम कडक आहे” असं जाहीर करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. इंजिन पूर्ण गार असताना क्लिपपासून दोन बोटांवर चिमटीत धरावा. मधल्या भागापेक्षा तिथे मऊ लागला, बोटाखाली खाच जाणवली, तर तो गेला. इंजिनचं ऑइल ठिबकून फुगलेला पाईपही गेलाच. उंदरानं कुरतडलेला तर विचारायलाच नको.

“पण मी दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करतो!” हे वाक्य मालक फार अभिमानानं म्हणतो. पाच मिनिटांत थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, उघडतसुद्धा नाही, त्याला 82 ते 88 अंश लागतात. ऑइलमध्ये नि सायलेन्सरमध्ये पाणी तेवढं जमतं. मला विचाराल तर अर्धा तास रस्त्यावर फिरवा, नाहीतर झोपू द्या बिचारीला.

आता खरेदी. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, “कौन सी गाडी?” गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मचं नाव घेतलंत की दुकानदार तुमच्याकडे दयेनं बघतो. फायबरची बॉडी, आत रेनॉचं 1149 सीसी इंजिन, हे त्याला सांगण्यात अर्थ नाही. गाडीचं नाव न घेता मापच सांगावं. रेडिएटरच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं (सरकत्या मापपट्टीनं) मोजा, जुना पाईप पिशवीत घाला, मग निघा. 32 मिलिमीटरच्या नळीवर 35 चा पाईप “क्लिप कस लेना, चल जाएगा” म्हणून हमखास गळ्यात मारला जातो. क्लिप आवळली की रबराला चुणी पडते आणि चुणीतून थेंब. सरळ पाईप वाकवून बसवायचा सल्लाही नको. वळणावर तो चेपतो आणि पाणी तिथेच अडतं. वळण साच्यातलंच हवं. पंपाकडे जाणाऱ्या खालच्या पाईपमध्ये स्प्रिंग असेल तर नव्यातही असली पाहिजे, नाहीतर पंपाच्या ओढीनं पाईप आत बसतो. स्क्रूच्या क्लिपा सियागंजच्या बाजारात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. 1921 साली एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं पेटंट घेतलेली ही चीज आजही कामाला येते, फक्त आवळताना आटे खराब करू नयेत.

काम सुरू झालं की कॉलनीतले काका जमतात. एक म्हणतात, “पक्कडीनं पिळून काढ रे.” ऐकू नका. रेडिएटरची प्लास्टिकची नळी तुटली की एका पाईपाच्या जागी अख्खा रेडिएटर. चिकटलेला पाईप ब्लेडनं उभा चिरून सोलून काढावा, ब्लेडचा ओरखडा नळीवर उठू न देता. मग नळी 400 नंबरच्या पाण्याच्या पेपरनं साफ करावी. दुसरे काका ग्रीसची डबी घेऊन येतात. ती सन्मानानं परत पाठवावी. हे रबर पेट्रोलियमनं फुगतं, इथे कूलंटचेच दोन थेंब पुरतात. नवा पाईप चढवण्याआधी क्लिप त्यावर सरकवून ठेवायची, नळीचा उंचवटा ओलांडून टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत बसवायची, स्क्रूचं तोंड पुढे स्क्रू-ड्रायव्हर पोहोचेल असं.

भरायला पाणी कुठलं? इथे जिभेवर धर्म येतो. नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर चढून इंदुरात येणारं नर्मदेचं पाणी पवित्रच, पण रेडिएटरला डिस्टिल्डच लागतं, कूलंटमध्ये निम्मेनिम. बोअरचं तर चहालाही नको.

भरणं हे पाईप बदलण्याहून अवघड. गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरम (मे महिन्यात, हो, 42 अंशांत), आतली हवा सोडणारा स्क्रू सैल, आणि धार बारीक. बुडबुडे थांबून स्क्रूतून अखंड पाणी आलं की बंद करा, टाकी भरून झाकण लावा, मग पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, गॅरेजचं दार उघडं ठेवून. हीटरमधून गार हवा येते आणि तापमानाचा काटा मात्र चढतो, म्हणजे मेकॅनिक म्हणतात तसं “एयर पकड ली है”. इंजिन बंद करून गार होऊ द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. गरम असताना झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण फिरवताच उकळून थेट तोंडावर येतं.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर क्लिप पुन्हा तपासा, बहुतेक अर्धा आटा फिरतेच. परातीत काढलेलं जुनं कूलंट मात्र अंगणात ठेवू नका: गोड असतं, कुत्र्या-मांजरांना आवडतं आणि त्यांचा जीव घेतं. जुना पाईप फेकू नका, पुढच्या वेळी नमुना म्हणून तोच लागेल. दिवाळीच्या साफसफाईत तो वाचवायचा कसा, हे मात्र ज्याचं त्यानं घरच्यांशी बोलून ठरवावं.