चौकोन नव्हे, त्रिकोण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार स्पष्टवक्ते,

महोदय लिहावं की महोदया, हे आपण घेतलेल्या टोपणनावावरून कळत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहितो. गैरसमज नसावा.

‘स्वयंपाकघराचं काम काढण्याआधी’ हा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात असं गृहीत धरतो. आपली प्रतिक्रिया चारच वाक्यांची आहे. नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून ती इथे पूर्ण देतो:

“ज्याने राहत्या घरात कधी काम काढलेलं नाही, तोच कागदावर चौकोन आखून मनस्ताप टळतो असं लिहू शकतो. भिंत फोडल्यावर आत काय निघेल, ते कुठल्या यादीत लिहायचं? ओटा ३४ इंच, तो कोणाच्या मापाने? आणि ऐन वेळी लागणाऱ्या जादा पैशांबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही.”

आधी ओट्याचं घेतो, कारण तिथे आपलं बरोबर आहे. ३४ इंच हा आकडा मी ठोकून दिला, तसा द्यायला नको होता. ओट्यापाशी जो सर्वांत जास्त वेळ उभा राहणार, त्याने हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि ओट्याचा दगड कोपराच्या चार ते सहा इंच खाली यावा, हा हिशोब खरा. शिवाय माप कुठल्या जमिनीपासून घ्यायचं, हेही मी लिहिलं नव्हतं. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवली तर जमीन पाऊण-एक इंच वर येते, आणि ओटा तेवढाच बुटका होतो. सिंकचा तळ तर त्याहूनही खाली, म्हणून कंबर पहिली तक्रार करते ती तिथे. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो. जुन्या वाचकांना हे ठाऊक आहे.

आता आपलं पहिलं वाक्य.

एक तर चौकोन नव्हे, त्रिकोण. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणारा. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यावर काम झालं. तिन्ही बाजूंची बेरीज १३ फुटांहून कमी आणि २६ फुटांहून जास्त नसावी, हा ठोकताळा तिथूनच चालत आला. लेखात हे आकृतीसकट दिलं आहे. ज्याला त्रिकोण आणि चौकोन सारखेच वाटतात त्याने तो किती बारकाईने वाचला असेल, असं मी म्हणणार नाही.

दुसरं, ‘कधी काम काढलेलं नाही’ हे आपल्याला कोणी सांगितलं? मी दोनदा काढलंय. दोन्ही वेळा त्याच घरात राहून.

पहिल्या वेळी यादीबिदी काही नव्हती. हुरूप होता. सात आठवडे आम्ही बाहेरच्या खोलीत विजेच्या एका शेगडीवर स्वयंपाक केला आणि भांडी न्हाणीघरात उकिडवं बसून घासली. धुळीचं मला फार काही वाटलं नाही. धूळ पुसता येते. जीव खाल्ला तो रोज सकाळच्या प्रश्नांनी. कारागीर दारात उभा: पॉइंट कुठे घेऊ? नळ ओट्यावर की भिंतीत? टाइल खिडकीच्या वर न्यायची की खालीच थांबवायची? दात घासता घासता मी उत्तरं दिली, आणि त्या उत्तरांबरोबर पुढे अकरा वर्षं राहिलो. मिक्सरचा पॉइंट बरोबर सिंकच्या डोक्यावर आला. सुताराने कपाटांचं माप टाइल लागायच्या आधीच घेतलं. टाइल आणि तिच्यामागचा मसाला यांनी दोन्ही बाजूंनी जागा खाल्ली, आणि तयार कपाट आत जाईना. शेवटी एक बाजू रंधून रंधून बसवलं. फ्रिज भिंतीलगत ठेवायचा ठरला होता. दार काटकोनात उघडायचं, पण खालचा कप्पा बाहेर काढायचा तर दार त्याच्याही पुढे जावं लागतं, हे कोणाच्या ध्यानात येतं? कप्पा धुवायचा असला की आधी फ्रिज ओढावा लागे. अकरा वर्षं.

हे अनुभव ‘कधी काम न काढलेल्या’ माणसाचे आहेत बरं का.

म्हणून दुसऱ्या वेळी मी तीन महिने एक वीट हलवू दिली नाही. घरच्यांनी नावं ठेवली, ठेवू दिली. जमिनीवर आणि भिंतींवर चिकटपट्टीने पूर्ण मापाचा आराखडा काढला, कपाटांच्या जागी रिकामी खोकी रचली आणि आठवडाभर त्यांच्यामधून वावरलो. समोरासमोरच्या ओट्यांमध्ये एकट्याला साडेतीन फूट लागतात आणि दोघांना चार, हे वाचून माहीत होतं. कळलं ते पोटरीला खोकं लागल्यावर. एखादं खोकं ड्रॉवरसारखं पुढे ओढलं की मागून कोणी जाऊ शकत नाही, हेही तेव्हाच दिसलं. (कागदावर दिसलं नव्हतं. तेवढं हवं तर तुमच्या बाजूने धरा.)

शेगडी, चिमणी, भांडी धुण्याचं यंत्र, सगळं आधी ठरवून त्यांची मापं इलेक्ट्रिशियनच्या आणि प्लंबरच्या हातात दिली. गिलावा होण्याआधी पाइप आणि वायरींच्या शेजारी टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, म्हणजे पुढे कधी ड्रिल मारताना पाण्याचं कारंजं उडायला नको. कपाटांची मापं टाइल लागल्यावरच. ओट्याच्या दगडाचं माप खालची कपाटं पक्की बसल्यावर, आणि दगड कापून येईपर्यंत सिंक नसणार हे घरात सगळ्यांना आधीच सांगितलेलं. आठवडाभर सिंक नव्हतं, पण कोणी आदळआपट केली नाही. मनस्ताप धुळीचा नसतो हो, उभ्या उभ्या घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांचा असतो. एवढंच त्या लेखात सांगायचं होतं. त्याला तुम्ही ‘चौकोन आखणं’ म्हणता.

हो, मध्ये नऊ दिवस काम बंद पडलं होतं. सिंकमागची भिंत फोडली तर आत गंजून चाळण झालेला लोखंडी पाइप निघाला, आणि तो थेट न्हाणीघरापर्यंत बदलावा लागला. पण तो अपवाद. त्याचा नियोजनाशी काही संबंध नाही.

आणि समजा, मी खरंच कधी काम काढलं नसतं, तरी काय बिघडलं असतं? १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. कोणत्या कामाला किती वेळ जातो, किती पावलं पडतात, हे मोजून मापून. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली, आणि आज आपण जी एकाला एक जोडलेली कपाटं मोठ्या कौतुकाने करून घेतो त्यांचं मूळ तिथे आहे. याच बाईंनी पुढे स्वतः सांगून टाकलं की ते आखेपर्यंत त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं आणि त्यांना स्वयंपाकही येत नव्हता. तुमच्या न्यायाने त्यांनीही गप्प बसायला हवं होतं. तिथे राहायला आलेल्यांनी एवढ्याशा जागेत दुसरं माणूस उभं राहू शकत नाही अशी तक्रार केली, हे खरं. पण ते असो.

बाकीच्या दोन वाक्यांवर फार लिहिण्यासारखं काही नाही. भिंतीच्या आत काय निघेल ते यादीत लिहिता येत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. ते सांगायला लेख कशाला हवा? जादा पैशांचं म्हणाल, तर अंदाजपत्रकाच्या दहा ते वीस टक्के बाजूला ठेवावेत हे सगळेच सांगतात. आणि माझ्या लेखाचा विषय मनस्ताप होता, पैसा नव्हता.

मुद्दा मांडायला कोणाचीच हरकत नव्हती. ‘लेखकाने याही बाजूचा विचार करावा’ असं लिहिलं असतंत तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं आणि आपलं दोघांचंही भागलं असतं. पण आधी माणसाला खोटं पाडायचं आणि मग प्रश्न विचारायचे, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत असतील तर मला तो येत नाही. तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. फक्त पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खरं नाव लिहा, म्हणजे बोलताना तोंडापुढे माणूस आहे असं तरी वाटेल.

हे उत्तर टाकायच्या आधी बायकोला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वरच्या कपाटांना सात महिने दारं नव्हती, ते का नाही लिहिलंस? दारांचे पैसे त्या पाइपात गेले होते ना?”

तिला म्हटलं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ओट्याच्या उंचीबद्दल पुन्हा एकदा आभार.