आत जाणारी पावलं

स्टार्टअपवाल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ‘नुसतं चांगलं प्रॉडक्ट पुरत नाही. पहिल्या दिवसापासून ग्राहकाला सोडून जाणं अवघड करा. सगळ्या मोठ्या कंपन्यांनी हेच केलं. टिकलेला ग्राहक म्हणजे खूश ग्राहक, आणि एकदा अडकला की तो कायमचा.’ मला ती तिघांनी पाठवली, एकाने तर खाली ‘शंभर टक्के!’ असं लिहून.

‘पहिल्या दिवसापासून’ इथेच गाडी अडते. पहिल्या दिवशी तुमच्याकडे ग्राहक असतात किती? आहेत त्यांना कोंडायला लावलेलं कुलूप, जे अजून आलेच नाहीत त्यांनाही बाहेरून दिसतं. सिंहाच्या गुहेपाशी थबकलेला कोल्हा आठवा: आत गेलेली पावलं दिसतात, बाहेर आलेलं एकही नाही. कंपनीसाठी सॉफ्टवेअर घेणारा माणूस त्या कोल्ह्याइतका तरी हुशार असतो. डेमोत तो ‘एक्स्पोर्ट आहे ना?’, म्हणजे आपला डेटा बाहेर काढता येतो ना, हे विचारतोच.

मी हा प्रश्न ठेच लागल्यावर विचारायला शिकलो. एका सेवेतून तक्रारींचा चार वर्षांचा डेटा काढायचा होता. एक्स्पोर्टचं बटण होतं. दाबलं तर पीडीएफ आली. तक्रार, तारीख, उत्तर सगळं एकाखाली एक. रकाने नाहीत, तक्रार क्रमांकही नाहीत. दोघांनी आठवडाभर बसून ते हाताने शीटमध्ये भरलं. पुढे त्याच कंपनीचं दुसरं प्रॉडक्ट वर्षभर फुकट मिळत होतं, तरी आमच्याकडे कुणी नाव काढलं नाही.

‘मोठ्या कंपन्यांनी हेच केलं’ या वाक्यात, मोठ्या कशाने झाल्या आणि मोठ्या झाल्यावर काय करत बसल्या, याची गल्लत आहे. एक्सेल उघडा, एका सेलमध्ये 60 लिहा आणि फॉरमॅट तारखेचा करा. 29 फेब्रुवारी 1900 दिसेल. अशी तारीख कधी उगवलीच नाही. 1900 हे लीप वर्ष नव्हतं. चूक मूळची लोटस 1-2-3 या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीटची, म्हणजे त्या काळच्या बाजारातल्या राजाची. मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून उचलली, कारण लोटसमधल्या तारखा एक्सेलमध्ये एका दिवसानेही सरकायला नको होत्या. लोटसवाल्यांच्या बोटांत बसलेली, मेनू उघडायची स्लॅशची कळसुद्धा चालू ठेवली. दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली बनवून त्यांनी माणसं आणली. पुढे त्यांनीही कुलपं लावली, नाही कोण म्हणतंय? पण तोवर घर भरलं होतं.

उलटं उदाहरण क्यूरिग या कॉफी मशीन बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं. कॉफीच्या कॅप्सूलवरची त्यांची मुख्य पेटंट 2012 मध्ये संपली, स्वस्त कॅप्सूल बाजारात आल्या. मग 2014 मध्ये त्यांनी झाकणावरची खास शाई ओळखल्याशिवाय कॉफी न देणारं मशीन काढलं. लोकांनी काय करावं? अस्सल झाकण कापून दुसऱ्या कॅप्सूलवर चिकटवलं. मशीनची विक्री घसरली, आणि 2015 मध्ये ‘आमचं चुकलं’ म्हणत कंपनीने स्वतःची कॉफी भरायचा फिल्टर परत आणला.

टिकला म्हणजे खूश, हा मुद्दा तर एका ओळीत निकालात निघतो. दार बंद असताना कुणी गेलं नाही, यावरून पाहुणचार कसा होता ते कळत नाही.

राहिलं ‘कायमचा’. मोबाइल नंबर बदलावा लागेल या धाकाने लोक एकाच कंपनीकडे राहायचे. एकामागून एका देशात पोर्टेबिलिटी आली आणि तो धाक संपला. क्लाउडचंही, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने डेटा ठेवण्याचंही, तेच. सोडून जाणाऱ्याकडून डेटा बाहेर न्यायचे पैसे घेणं गूगलने जानेवारी 2024 मध्ये बंद केलं, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. युरोपातला नवा डेटा कायदा डोक्यावर होता, हे सांगायला नकोच.

तरीही लॉक-इन, म्हणजे ग्राहकाला असं अडकवून ठेवणं, कधीच चालत नाही असं म्हणणं भाबडेपणा होईल. आयफोनवरचं मेसेज ॲप आयमेसेज अँड्रॉइडवर आणावं का, याची चर्चा 2013 मध्ये ॲपलमध्ये झाली होती. तसं केलं तर आयफोनवाल्या घरांतली मुलं अँड्रॉइड घेतील, म्हणून नको, असं वरिष्ठांचं मत पडलं. एपिक या गेम कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात याबद्दलचे ईमेल उघड झाले. धंद्याच्या हिशेबात ते बरोबरच ठरलं असं मला वाटतं. पण ते का जमलं? आयफोन लोक रांगा लावून घेतच होते, आणि आत येणाऱ्याला आयमेसेज कुलूप वाटत नव्हतं. तिथे त्याचे मित्र भेटत होते. बहुतेकांना आत घेऊन झालंय, नवे थोडेच उरलेत, अशा वेळी हे गणित जुळतं. आवडणं न आवडणं वेगळं.

‘शंभर टक्के!’वाल्या मित्राचे सध्या अकरा ग्राहक आहेत. त्याला मी एवढंच विचारलं, की समोरच्या कंपनीचा ग्राहक तुझ्याकडे यायला तयार झालाच, तर त्याचा जुना डेटा तुझ्यात कसा येतो? इम्पोर्ट अजून बनवलेलं नाही म्हणाला.