शुभचिंतकाच्या तावडीत

चुगलखोर माणूस खोटं बोलतो, हा मोठा गैरसमज आहे. खोटं बोलतो तो नवशिका. तो लवकरच तोंडघशी पडतो आणि पुढे त्याला कुणी विचारत नाही. मुरलेला चुगलखोर शंभर टक्के खरं बोलतो. फक्त ते खरं ज्याच्याबद्दल सांगतोय त्याच्या बाजूने वळायला लागलं की तो थांबतो. "ते सहाच्या ठोक्याला निघतात" हे माझ्याबद्दल साहेबांच्या कानावर गेलेलं वाक्य अक्षरशः खरं आहे. मी सहालाच निघतो. सकाळी आठ वाजता, झाडलोट चालू असताना, खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या पडलेल्या असताना मी उभ्या उभ्या मेल वाचत असतो, एवढी माहिती त्याच वाक्यात सहज मावली असती. पण खुलासा करणार कसा? "सर, मी सहाला जातो हे साफ खोटं आहे" असं म्हणायची सोय नाही. आणि "मी आठला येतो" म्हणावं, तर कुणी न विचारता सफाई देणारा माणूस आधीच अर्धा गुन्हेगार दिसतो.

आमच्या ऑफिसात या कलेतला एक उस्ताद आहे. त्याला आपण शुभचिंतक म्हणू, कारण त्याने आजवर कुणाचं वाईट चिंतल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. तो काळजी करतो. केबिनच्या काचेतून मला त्याची फक्त पाठ दिसते. खुर्चीच्या कडेवर टेकलेला, पुढे झुकलेला. मधूनच खांदे उडवून दोन्ही तळवे उघडतो, म्हणजे 'आता मी काय बोलणार, सर!' त्यानंतर तो बराच वेळ बोलतो.

अशाच एका बैठकीनंतर साहेबांनी मला बोलावलं, दार लोटून घ्यायला सांगितलं आणि कधी नव्हे त्या मायाळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो सर, अगदी ठीक."

साहेबांनी मान हलवली. घरी ठीक नसलेला माणूसही हेच म्हणतो, हे मला बोलल्यावर सुचलं. म्हणून जोर देऊन म्हणालो, "खरंच ठीक आहे, सर." हे आणखी वाईट झालं. मग मी हसून पाहिलं. ते हसणं जरा मोठं झालं असावं, कारण साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "हल्ली तुमचं लक्ष नसतं म्हणे. एकदोन दिवस सुट्टी घ्या हवं तर." ते 'म्हणे' कुणाचं, हे विचारायची हिंमत झाली नाही. निंदेला उत्तर देता येतं हो, काळजीला काय देणार? नको म्हटलं तर कृतघ्न, हो म्हटलं तर आजारी.

बाहेर आलो तर शुभचिंतक माझ्या टेबलापाशी हजर. "काय म्हणाले साहेब? तुझ्या भल्यासाठी सांगतो, जरा जपून राहा. तुझ्याबद्दल तिथे काहीबाही चाललंय."

इथे मला पंचतंत्रातला दमनक आठवला. पहिल्याच तंत्रात, मित्रभेदात, हे सगळं ऑफिस जसंच्या तसं आहे. पिंगलक सिंह साहेब, संजीवक बैल त्याचा मर्जीतला माणूस, आणि दमनक कोल्हा. दमनक सिंहाला सांगतो, बैलाचा डोळा तुमच्या राज्यावर आहे. तिथून उठून बैलाला सांगतो, सिंह तुला खाणार आहे. वर दोघांना खुणाही देऊन ठेवतो, तो असा असा दिसला की समजायचं. झालं! घाबरलेला बैल शिंगं सावरत येतो, ते पाहून सिंह पवित्रा घेतो, आणि ज्याला त्याला आपल्या खबरीचा पुरावा मिळतो. बैल जिवाला मुकतो, कोल्हा मंत्री होतो. लहानपणी मला यात बैलाची कीव यायची. आता वाटतं, त्याने सिंहाला सरळ विचारायला काय हरकत होती?

म्हणून मी विचारलं. चिडचिड ओसरेपर्यंत थांबलो, आणि साहेबांची मीटिंग नसलेली वेळ गाठून म्हणालो, "सर, माझं लक्ष नाही असं वाटतंय, तर नेमकं कुठलं काम राहिलं ते सांगाल का? दुरुस्त करतो." कुणी सांगितलं हे मुद्दामच विचारलं नाही. साहेब विचारात पडले. एक काम त्यांना आठवलं, ते माझं नव्हतं. दुसरं आठवलं, ते होऊन गेलेलं होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी मी त्यांना चार ओळींची मेल टाकतो. काय झालं, काय अडलं, कुणाकडे अडलं. तोंडी काही ठरलं तर त्याच दिवशी "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" करून लिहून पाठवतो. इतकं रटाळ लिखाण मी जन्मात केलं नव्हतं. पण सांगीव गोष्टीला तारीख नसते, मेलला असते. 'शुक्रवारच्या मेलमध्ये तर आहे' असं साहेब एकदा काचेपलीकडे म्हणाले म्हणतात. मला सांगणारा अर्थातच शुभचिंतक.

एवढं करूनही हात शिवशिवतच होते. त्याच्याबद्दल माझ्याकडेही खऱ्याचा चांगला साठा आहे. पण मध्यंतरी एक मजेशीर संशोधन वाचनात आलं होतं. 1998 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आपण दुसऱ्याचं जे वर्णन करतो, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात थोडंफार आपल्यालाच चिकटतं. दुसऱ्याला आळशी म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला नकळत जरा आळशी वाटू लागतो. म्हणजे शुभचिंतकाने साहेबांच्या डोक्यात मला जितकं बेलक्ष करून ठेवलंय, त्यातलं थोडं त्याच्याही वाट्याला आलं असणार. फार बरं वाटलं. तक्रार करण्याचा मार्ग मात्र त्याच नियमाने बंद झाला.

चांगल्या गुणांनाही तोच नियम लागू आहे म्हणतात. म्हणून मी स्तुती सुरू केली. शुद्ध स्वार्थ, दुसरं काही नाही. संधी मिळेल तिथे साहेबांना सांगायचो, "माणूस फार बारकाईने काम करतो, सर. कुणाचं काय चाललंय, त्याच्या नजरेतून सुटत नाही." यातही एक अक्षर खोटं नव्हतं. मला काय चिकटलं ते देव जाणे, पण साहेबांनी ते मनावर घेतलं. गेल्या तीन वर्षांच्या जुन्या फायली, बिलं आणि नोंदी ताडून पाहायचं जे काम सगळे टाळत होते, ते त्याच्या गळ्यात पडलं. "बारकाईने काम करणारा माणूस हवा होता," असं साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, वर माझ्याकडे पाहून मान डोलावली.

आता तो फायलींच्या ढिगाआड असतो. केबिनकडे फिरकायला त्याला फुरसत नाही. परवा मात्र तो ढिगाआडून उठून माझ्या टेबलाशी आला. शर्टाच्या बाहीवर धूळ, चेहरा पडलेला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "साहेबांकडे माझ्याबद्दल कोण काय बोललं, तुला काही माहीत आहे का?"

"मीच बोललो," मी म्हणालो. "चांगलं बोललो."

तो बघतच राहिला. मग अगदी दुखावल्या आवाजात म्हणाला, "का रे? मी तुझं काय वाईट केलं होतं?"